विद्येसाठी संन्यास : सोर हुआना इनेस दे ला क्रूस

स्त्रीने विद्या संपादन करू नये, केल्यास ती घराला लाभत नाही, ही समजूत केवळ आपल्याच देशात रूढ होती असे मानण्याचे कारण नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी, आपल्याकडे शिवछत्रपतींच्या स्वराज्याची उभारणी चालू असता, दूर मेक्सिको देशी एका तरुण मुलीला निवांतपणे वाचन करता यावे म्हणून संन्यास घ्यावा लागला. तिचे नाव हुआना इनेस. मठात गेल्यावर ती सोर हुआना इनेस दे ला क्रूस या नावाने प्रसिद्धीस आली. सोर म्हणजे भगिनी. स्पॅनिश भाषेतील थोर कवींत आज तिची गणना होते, आणि मेक्सिकोच्या चलनी नोटेवर तिचे चित्र छापलेले असते. ज्यांच्या घरी शिकत्या मुली आहेत अशा आपल्या कुटुंबांस हे चरित्र परिचयाचे व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेक्सिको त्या काळी स्पेनच्या ताब्यात होता. राजधानीपासून काही अंतरावर, ज्वालामुखी पर्वतांच्या परिसरात, नेपान्त्ला नावाच्या गावी हुआनेचा जन्म झाला. जन्मवर्ष पूर्वापार १६५१ समजले जाई. पुढे १६४८ सालची एक बाप्तिस्म्याची नोंद उजेडात आल्याने कित्येक विद्वान ते वर्ष खरे मानतात. तिच्या मातापित्यांचा विवाह झालेला नव्हता. आई इसाबेल निरक्षर होती, परंतु शेतीवाडीचा सर्व कारभार ती स्वतः पाही. मुलीचे बालपण आजोबांच्या वाड्यात गेले, आणि त्या वाड्यात पुस्तके होती.

तीन वर्षांची असताना ही मुलगी थोरल्या बहिणीच्या पाठोपाठ पंतोजीणबाईंच्या घरी गेली, आणि मलाही शिकवावे असा आईचा निरोप आहे, अशी थाप तिने ठोकून दिली. बाईंना ती थाप कळली. तरी त्यांनी तिला अक्षरे शिकविली. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असे कोणीसे म्हणाले, तेव्हा आवडीचे असूनही तिने चीज वर्ज्य केले. राजधानीत विद्यापीठ आहे असे कळताच, मला मुलाचे कपडे घालून तिकडे पाठव, असा तिने आईपाशी हट्ट धरला. तो हट्ट अर्थात पुरविला गेला नाही. मग ती आजोबांची पुस्तके वाचू लागली. त्याबद्दल शिक्षा झाली तरी वाचन सुटले नाही. पुढे लॅटिन भाषेचे जेमतेम वीस पाठ तिला मिळाले. ठरविलेला भाग अमुक मुदतीत आला नाही, तर ती आपले केस कापून टाकी. ज्या डोक्यात ज्ञान नाही त्याला केसांचा शृंगार कशाला, असा तिचा हिशेब. ज्याने अनेक वर्षे मुलांच्या हाती बळेच पुस्तक दिले, त्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा भाग वाचताना काय वाटले असेल ते सांगावयास नको.

राजधानीत मावशीकडे राहत असता तिची कीर्ती स्पॅनिश व्हाइसरॉयच्या कानी गेली, व १६६४च्या सुमारास ती त्याच्या पत्नीच्या परिवारात दाखल झाली. एकदा व्हाइसरॉयने धर्मशास्त्र, गणित, इतिहास, काव्य इत्यादी विषयांचे सुमारे चाळीस पंडित जमवून तिची परीक्षा घेवविली. पोरसवदा वयात तिने सर्वांना समर्पक उत्तरे दिली, असे तिच्या पहिल्या चरित्रकाराने नमूद केले आहे.

अशा मुलीपुढे मार्ग दोनच होते, विवाह किंवा मठ. विवाहाचा तिला मनापासून तिटकारा होता. मठातील नित्यकर्मांतही कितीतरी गोष्टी आपल्या स्वभावाला मानवणार नाहीत, हे ती जाणून होती. तरी दोहोंत मठच कमी गैरसोयीचा, असे तिने पुढे स्वच्छ लिहून ठेवले आहे. वैराग्याचा देखावा तिने केला नाही, हे मला विशेष वाटते. १६६७ साली ती प्रथम एका कडक शिस्तीच्या कार्मेलाइट मठात गेली, परंतु तीन महिन्यांतच परतली. नंतर सान हेरोनिमो मठात प्रवेश करून २४ फेब्रुवारी १६६९ रोजी तिने कायमची व्रते घेतली. मठप्रवेशासाठीही हुंडा भरावा लागे. तिचा तीन हजार पेसोंचा हुंडा एका धनिक आप्ताने दिला.

जुन्या गोव्यात १६०६ साली स्थापन झालेला सांता मोनिकाचा मठ आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच काळातील हा मेक्सिकोचा मठ होता. मात्र येथे प्रत्येक संन्यासिनीला स्वतंत्र निवासाची जागा व दासी ठेवण्याची मुभा असे. हुआनेलाही आईने एक गुलाम मुलगी दिली होती, आणि काही वर्षांनी हुआनेने ती आपल्या बहिणीला विकली. चरित्रलेखक पुष्कळदा ही गोष्ट गाळतात. ती गाळणे मला प्रशस्त वाटत नाही.

या मठात तिने सत्तावीस वर्षे काढली. तिच्या खोलीत पुस्तकांचा मोठा संग्रह झाला. शास्त्रीय उपकरणे व वाद्येही होती. मठाचे हिशेबही तिने अनेक वर्षे सांभाळले. तिने चर्चसाठी गीते, दरबारासाठी नाटके आणि शेकडो कविता लिहिल्या. पुरुष आपणच स्त्रीला मोहात पाडतात आणि मग तिलाच दूषण देतात, असा जाब विचारणारी तिची कविता तिकडे आजही सर्वतोमुखी आहे. ‘प्रिमेरो सुएन्यो’ या ९७५ ओळींच्या काव्यात रात्री देह निद्रिस्त असता ज्ञानासाठी विश्वात भरारी घेणाऱ्या जीवाचे वर्णन आहे. मेक्सिकोत व्हाइसरॉयपत्नी म्हणून आलेल्या पारेदेसच्या काउंटेसशी तिचा फार स्नेह होता. तिच्याच प्रयत्नाने १६८९ साली माद्रिद येथे हुआनेचा पहिला संग्रह छापला गेला.

ही कीर्ती सर्वांनाच रुचली असे नव्हे. संन्यासिनीने ऐहिक कविता कराव्यात हे तिचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला खपत नसे. त्याला सडेतोड पत्र लिहून तिने त्याचे मार्गदर्शन नाकारले. हे पत्र १९८० साली सापडले. पण मोठे वादळ पुढेच होते. व्हिएरा नावाच्या विख्यात जेझुइट धर्मोपदेशकाच्या एका जुन्या प्रवचनातील चुका तिने खाजगीरीत्या लिहून दाखविल्या होत्या. पुएब्ला येथील बिशपने ते लिखाण १६९० साली तिला न विचारता छापले, आणि त्यासोबत ‘सोर फिलोतेआ’ या स्त्रीच्या टोपणनावाने तिलाच उपदेश केला की, आता ऐहिक विद्या पुरे, धर्मग्रंथांकडे लक्ष द्यावे.

मार्च १६९१ मध्ये हुआनेने दिलेले उत्तर हा तिचा सर्वांत मोलाचा गद्यग्रंथ होय. तिचे बालपणीचे वृत्त आपल्याला कळते ते त्यातूनच. एका भाबड्या मठाध्यक्षेने तीन महिने पुस्तकबंदी केली, तेव्हा ती स्वयंपाकघरातच निरीक्षणे करू लागली. अंडे तुपातेलात एकजीव होऊन तळले जाते, पण साखरेच्या पाकात विस्कटते, हे का? ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याचे लिखाण आणखी वाढले असते, असा विनोदही तिने केला आहे. पुढे ती विदुषींची नावे एकामागून एक देते व एक अगदी व्यवहारी मुद्दा मांडते: शिकलेल्या वयस्क स्त्रिया नाहीत म्हणून बापांना मुली अडाणी ठेवाव्या लागतात, किंवा पुरुष शिक्षकाच्या हवाली कराव्या लागतात, तेव्हा मुलींसाठी तरी स्त्रियांना शिकवा. सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवू लागल्या १८४८ साली; त्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे मठाच्या भिंतीआड हा विचार कागदावर उतरला होता.

त्यानंतर काळ पालटला. काउंटेस स्पेनला परतली होती. १६९२ साली धान्यटंचाईमुळे राजधानीत दंगल उसळली, आणि स्त्रियांच्या बाबतीत अत्यंत कडवा असलेल्या आर्चबिशपचा प्रभाव वाढला. हुआनेने आपली पुस्तके व उपकरणे विक्रीसाठी देऊन टाकली. पैसा गोरगरिबांकडे गेला. १६९४ साली तिने आपल्या रक्ताने सही करून व्रतांचा पुनरुच्चार केला.

हे तिने मनापासून केले की दडपणाखाली, हा वाद अद्याप मिटलेला नाही. काही कॅथॉलिक अभ्यासक यात खरे वैराग्य पाहतात. मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हिओ पाझ, जे १९६२ ते १९६८ पर्यंत दिल्लीस आपल्या देशाचे राजदूत होते, त्यांनी १९८२ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला व हा धर्मसत्तेपुढे झालेला पराभव ठरविला. मला पाझ यांचे म्हणणे पटते. जिने पुस्तकासाठी संसार नाकारला, केस कापले, ती आपखुशीने ग्रंथ विकावयास काढील हे संभवत नाही. तथापि अखेरच्या महिन्यांत तिने केलेली सेवा मात्र निःसंशय तिची स्वतःची होती. १६९५ साली मठात साथीचा रोग शिरला. आजारी भगिनींची शुश्रूषा करता करता तिलाही तो जडला, आणि १७ एप्रिल रोजी तिचे देहावसान झाले. बिशपला लिहिलेले ते उत्तर तिच्या हयातीत छापले गेले नव्हते. ते माद्रिद येथे १७०० साली प्रसिद्ध झाले.