जवळचा दगड, दूरचे शिखर

डोंगराचे छायाचित्र काढताना हौशी छायाचित्रकाराला एक अडचण हमखास येते. पायाजवळच्या खडकावर फोकस साधला तर शिखर धूसर होते आणि शिखरावर साधला तर खडक. अमेरिकेचे ख्यातनाम निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी या दोहोंपैकी एकाची निवड करणे आयुष्यभर नाकारले. आज 'टिल्ट-शिफ्ट' नावाच्या महागड्या लेन्समुळे मिळणारी सोय ते भात्याच्या अवजड कॅमेऱ्यातून मिळवत असत.

२० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅडम्स यांचा जन्म झाला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्यात चार वर्षांचा हा मुलगा बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक कायमचे वाकडे झाले. वडिलांचा लाकडाचा व्यवसाय पुढे डबघाईला आला. शाळेत मन रमेना, तेव्हा वडिलांनी त्याला घरीच शिकवण्याची व्यवस्था केली. बाराव्या वर्षी तो पियानोकडे वळला. १९१६ मध्ये योसेमिटीच्या खोऱ्यात सहलीला गेला असता त्याच्या हाती कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आला. पुढची अनेक वर्षे संगीत आणि छायाचित्रण यांची ओढाताण चालली. अखेर १९३० च्या सुमारास, पॉल स्ट्रँड यांची निगेटिव्ह पाहिल्यावर, अ‍ॅडम्स यांनी पियानोवादक होण्याचे स्वप्न सोडले. मात्र रियाजाची शिस्त त्यांनी सोडली नाही.

त्या काळी छायाचित्र हे चित्रासारखे मऊ, धूसर असावे असा कल होता. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींसह अ‍ॅडम्स यांनी 'ग्रुप एफ/६४' स्थापून त्याविरुद्ध पवित्रा घेतला. एफ/६४ म्हणजे लेन्सचे अतिशय लहान छिद्र. छिद्र जितके लहान, तितके जवळचे आणि लांबचे एकाच वेळी अधिक स्पष्ट. पण छिद्र फार लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारेच चित्र किंचित मवाळ होते आणि एक्स्पोजरही लांबते. वाऱ्याने हलणारे गवत मग पुसट उमटते.

यावर उपाय होता लेन्स कलती करण्याचा. साध्या कॅमेऱ्यात लेन्स फिल्मला समांतर असते, त्यामुळे स्पष्टतेची पातळीही समांतर, म्हणजे भिंतीसारखी उभी राहते. लेन्स पुढच्या बाजूस थोडी झुकवली की ती पातळी आडवी होऊन जमिनीलगत पसरते आणि पायाशी असलेल्या फुलापासून क्षितिजापर्यंतचे दृश्य तिच्यात येते. ऑस्ट्रियाच्या लष्करातील अधिकारी थिओडोर शाइम्फ्लुग यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. दुसरी हालचाल सरकवण्याची. कॅमेरा वर न वळवता केवळ लेन्स वर सरकवली, तर उंच झाडे व कडे मागे कलल्यासारखे दिसत नाहीत. अर्थात मर्यादाही आहेत. जवळच एखादे उंच झाड असेल तर त्याचा शेंडा आडव्या पातळीबाहेर जाऊन धूसर होतो. म्हणूनच काळ्या कापडाखाली डोके घालून, काचेवरच्या उलट्या प्रतिमेचा कोपरान्‌कोपरा तपासावा लागे. 'द कॅमेरा' या पुस्तकात अ‍ॅडम्स यांनी या हालचाली तपशीलवार समजावून दिल्या आहेत.

ही स्पष्टता केवळ तंत्राची हौस नव्हती. सिएरा नेवाडा पर्वतराजीतील किंग्ज कॅनियनचा प्रदेश संरक्षित व्हावा म्हणून १९३६ मध्ये त्यांनी आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टन गाठले. १९३८ मध्ये त्यांचे सिएरा नेवाडावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. तो प्रदेश कधीही न पाहिलेल्यांसमोर त्याची बाजू मांडण्याचे काम या छायाचित्रांनी केले.

जग युद्धात होरपळत असताना हा गृहस्थ दगडधोंडे टिपत बसला, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. पण १९४३ मध्ये ते मान्झनार येथील छावणीत गेले. तेथे दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते, स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांची छायाचित्रे अ‍ॅडम्स यांनी १९४४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच परिसरातून, मोटारीच्या टपावर कॅमेरा उभारून, त्यांनी माउंट विल्यमसनचे गाजलेले छायाचित्र घेतले. समोर अफाट शिळांचे मैदान, मागे ढगांतून उतरणारा प्रकाश. त्यात नजर कुठेही थांबवली तरी दृश्य नेमके दिसते.

३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी दोन्ही हालचालींची लेन्स कॅनन कंपनीने १९७३ मध्ये आणली. आज तीच लेन्स अनेकदा उलट्या कामासाठी, शहरे खेळण्यांसारखी भासावीत म्हणून, बरेचसे दृश्य धूसर करण्यास वापरली जाते. निसर्गचित्रणात मात्र तिचा वापर अजूनही अ‍ॅडम्स यांच्याच वाटेने होतो.

२२ एप्रिल १९८४ रोजी अ‍ॅडम्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी सिएरा नेवाडातील एका विस्तीर्ण संरक्षित अरण्याला आणि पुढच्या वर्षी योसेमिटीच्या सीमेवरील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले.