कै. लक्ष्मीबाई टिळक

शाळेंत ज्या थोर व्यक्तींचीं चरित्रें शिकविलीं जातात, त्यांपैकीं बहुतेकांनीं बालपणींच विद्येची शिदोरी बांधून घेतलेली असते. आज ज्यांची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों, त्यांच्या वांट्यास शाळेचें शिक्षण आलेंच नाहीं. तरीही मराठी गद्याची गोष्ट निघाली म्हणजे त्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. वडिलांचें सोवळें फार कडक. घरांतील लहानथोर सारेच त्या धाकांत असत. पुढें लहान वयांतच त्यांचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. (लोकमान्य टिळक ते निराळे.) हे टिळक कवि, वक्ते व मनाचे उदार, पण संसाराकडे त्यांचें लक्ष नसे. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, असें बिऱ्हाड फिरत राही. अशा धांवपळींतच लक्ष्मीबाईंस वाचनाची ओळख झाली.

१८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ती वार्ता लक्ष्मीबाईंवर विजेसारखी कोसळली. पति जिवंत, पण त्याच्या घरीं जाण्याची वाट बंद. पदरीं लहानगा दत्तू. आश्रय आप्तांचा, तोही पंढरपुरास. त्यांस सुवासिनी म्हणावें कीं अनाथ, हें कोणासच सांगतां येईना. कोणी कींव करी, कोणी दोष देई. आपलें पुढें काय होणार, याचें उत्तर एकाजवळही नव्हतें.

याच काळांत त्या कविता करूं लागल्या. त्या कवितांनीं त्यांचा प्रश्न सुटला काय? नाहीं. पति परतला नाहीं, कीं लोकांचीं तोंडें बंद झालीं नाहींत. परंतु जें दुःख मनांत नुसतें घुसमटत होतें, त्यास शब्दांचें रूप मिळालें. आणि रूप मिळालेल्या दुःखाकडे मनुष्यास थोडें दूर उभें राहून पाहतां येतें. एवढा अवसर मिळाला म्हणजे पुढचें पाऊल कोठें टाकावें, हें दिसूं लागतें.

लक्ष्मीबाईंचें पुढचें पाऊल त्यांचें स्वतःचें होतें. कांहीं वर्षांनीं त्या अहमदनगरास (हल्लींचें अहिल्यानगर) पतीजवळ आल्या. पण आरंभीं आपलें सोवळें त्यांनीं सोडलें नाहीं. जातिभेदाविषयीं स्वतः विचार केला, मन स्वच्छ झालें, तेव्हांच तें बंधन टाकलें. आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून नव्हे, तर आपली खात्री पटली म्हणून, हें मुलींनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक परलोकवासी झाले आणि दुसऱ्यानें आयुष्याची घडी विस्कटली. टिळकांनीं प्रभु येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध महाकाव्य आरंभिलें होतें. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय होऊन तें अपुरें राहिलें. ज्यांस शिक्षण असें मिळालेंच नाहीं, त्या विधवेनें तें काम हातीं घेतलें आणि नेटानें ६४ अध्याय रचून तें शेवटास नेलें. शोकास कर्तव्याचा असा आधार मिळाला.

त्यांचा दुसरा ग्रंथ 'स्मृतिचित्रें'. याचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. टिळकांच्या चरित्रासाठीं आठवणी सांगतां सांगतां हें आत्मचरित्र उभें राहिलें. घरांत बोलावें तशी भाषा, आणि स्वतःच्या फजितीवरही मोकळेपणानें हंसण्याची वृत्ति! ज्या दिवसांनीं त्यांस रडविलें, त्यांचेंच वर्णन वाचून आज आपणांस हंसूं येतें, आणि हंसतां हंसतां डोळे ओले होतात. कोणाविषयींही त्यांत कडवटपणा नाहीं. चौथा भाग पुरा होण्यापूर्वींच, १९३६ सालीं, त्यांनीं इहलोक सोडला. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला.

विद्यार्थ्यांनो, बदल तुमच्याही आयुष्यांत येतील. कोणाच्या वडिलांची बदली होईल, कोणी परीक्षेनंतर परगांवीं जाईल, कोणाच्या घरचें छत्र अकस्मात् हरपेल. अशा वेळीं उद्यांचें भाकीत कोणासही करतां येत नाहीं. पण आजचा दिवस हातांत असतो. त्यांत एखादें कवन रचावें, चित्र काढावें, रोजनिशी लिहावी, बाग लावावी. पालकांसही आमची विनंति एवढीच कीं, अशा दिवसांत मुलाच्या हातांतील वही किंवा कुंचला रिकामटेकडेपणाचें लक्षण समजूं नये. कदाचित् तोच त्याचा आधार असेल. लक्ष्मीबाईंस पंढरपुरीं तोच आधार मिळाला, आणि त्यांतून मराठी भाषेस एक अमोल ग्रंथ लाभला. देवानें दिलेली देणगी संकटांत मिटून न ठेवतां वापरली, तर ती आपणांस तर सांवरतेच, पण इतरांच्याही उपयोगीं पडते.