जिन्याच्या खिडकीतून

रॉबर्ट फ्रॉस्ट म्हटलं की आपल्याला पंडित नेहरू आठवतात. १९६४ साली पंडितजी गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर फ्रॉस्टच्या एका कवितेतल्या ओळी त्यांच्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या, हे आमच्या पिढीनं शाळेतच ऐकलं. मला मात्र फ्रॉस्ट म्हटलं की बँकेत आलेलं एक जोडपं आठवतं.

फ्रॉस्टचा जन्म १८७४ सालचा. शाळेत पहिल्या नंबरासाठी त्याच्या बरोबरीनं धावलेल्या एलिनॉर व्हाइटशी त्यानं १८९५ मध्ये लग्न केलं. त्यांचा थोरला मुलगा एलियट १९०० च्या जुलैत कॉलऱ्यानं गेला. चार वर्षांचाही झाला नव्हता. डॉक्टरला वेळेवर बोलावलं नाही, हा सल बापाला लागून राहिला. आई मिटून गेली. त्याच वर्षी ही मंडळी न्यू हॅम्पशायरमधल्या डेरीच्या शेतावर राहायला गेली. तिथं १९०७ मध्ये एक मुलगी जन्मली आणि काही दिवसांतच गेली.

१९१४ साली लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या संग्रहात 'होम बरिअल' ही दीर्घ कविता आहे. जिन्याच्या खिडकीतून बायको कबरस्तानाकडे बघते आहे. तिथं तिचं पहिलं मूल आहे. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं खड्डा खणला आणि बुटांची माती वाळायच्या आत घरात बसून कुंपण कुजण्याच्या गप्पा काढल्या. हे ती विसरू शकत नाही. त्याला कळत नाही, आपल्याच मुलाबद्दल आपण बोलायचंही नाही का? फ्रॉस्ट कुणाचीच बाजू घेत नाही. मेहुणीचं मूल गेलं त्यावरून हे सुचलं, असं तो सांगे. पण जाहीर वाचनात ही कविता त्यानं टाळली.

तालुक्याच्या शाखेत असताना एक गृहस्थ मुलाचं खातं बंद करायला आले. मुलगा गेला होता. त्यांनी विचारलं, व्याज आजच्या तारखेपर्यंतचं धरणार ना? बाकावर बसलेली बायको ताडकन उठून बाहेर गेली. काउंटरमागे आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय माणूस आहे! त्यांनी सही केली, नोटा मोजल्या आणि मग हळूच विचारलं, रद्द केलेलं पासबुक परत मिळेल का? ते त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. पहिल्या पानावर मुलाचं नाव होतं.

फ्रॉस्टची कविता मी पुढं कित्येक वर्षांनी वाचली, तेव्हा त्या व्याजाच्या चौकशीचा अर्थ लागला. कुणी रडतं, कुणी हिशेब विचारतं.

फ्रॉस्ट आणि एलिनॉरचा संसार मोडला नाही. १९३८ मध्ये ती जाईपर्यंत ४२ वर्षं टिकला. सहा मुलांपैकी चार बापाच्या देखत गेली. १९६३ मध्ये तोही गेला.

त्या दिवशी मी बाहेर जाऊन त्या बाईंना पासबुकाचं सांगायला हवं होतं. रांग मोठी होती, मी पुढचा टोकन नंबर पुकारला.