सायकल विकली, चालवायलाही शिकवली

मैत्रिणींनो, विहिरीवरच्या मोटारपंपावर किंवा डिझेल इंजिनावर ‘किर्लोस्कर’ हे नाव आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे. शेतकऱ्याच्या घरात तर अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हे नाव बरोबर सांगते. पण या नावाची सुरुवात पंपाने झाली नाही, इंजिनाने झाली नाही, नांगरानेही झाली नाही. ती झाली सायकलीने! बेळगावातल्या एका छोट्या सायकलच्या दुकानापासून.

हे मला वाचायला मिळालं ते आमच्या सायकल मंडळामुळे. इंझोरीत आम्ही काही बायका मिळून मुलींचं सायकल मंडळ चालवतो. मंडळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हेल्मेट घातलेली, पाठीला पाण्याची बाटली लावलेली शहरातली मंडळी येतील. आमचं तसं काही नाही. हवा भरायचा एक पंप, दोन-चार पाने, पंक्चर काढायचं सोल्युशन आणि रविवारी सकाळचे दोन तास, एवढाच आमचा संसार. मुलींना सायकल शिकवायची, बिघडलेली दुरुस्त करून द्यायची, घरच्यांची समजूत काढायची आणि रस्त्याच्या तक्रारी घेऊन अर्ज-विनंत्या करत फिरायचं. या कामात कंटाळा येतो, कधी चीडही येते. अशा वेळी लक्ष्मणरावांचं चरित्र मला फार आधार देऊन गेलं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात विद्येला मान होता, पण या मुलाचं मन दोनच गोष्टींत रमायचं, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कला शाळेत गेले. दोन वर्षांत लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. म्हणजे रंगांधळेपणाचा दोष. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसू नयेत, याहून मोठी निराशा काय असेल! दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. यांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यांत्रिक चित्रकला म्हणजे यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या पक्की केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

मुंबईतच त्यांनी कुणाला तरी सायकलवरून जाताना पाहिलं आणि ते वाहन त्यांच्या मनात भरलं. घोडा नाही, बैल नाही, चारा-पाण्याचा खर्च नाही, आणि माणूस आपल्याच पायांच्या जोरावर वाऱ्यासारखा पळतोय! १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचा सायकलचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती, असं नमूद आहे. त्या काळातले हजार रुपये, बरं का! अर्थात गिऱ्हाईक म्हणजे बडे अधिकारी आणि सरदार-जहागीरदार मंडळी.

आता खरी गंमत पुढे आहे. सायकल नुसती विकून भागत नव्हतं. घेणाऱ्याला ती चालवता कुठे येत होती? म्हणून दुकानातर्फे सायकल चालवायला शिकवण्याची सोय होती. त्याची फी होती पंधरा रुपये. बिघडली की दुरुस्तीही दुकानातच. म्हणजे बघा, वस्तू, शिकवणी आणि दुरुस्ती, तिन्ही एका छपराखाली. सायकलस्वारांचं मंडळ हा शब्दही ज्या गावाने ऐकला नसेल, तिथे या दोघा भावांनी त्याचं निम्मं काम आपल्या दुकानातून केलं. ते दुकान ज्या रस्त्यावर होतं, त्याला बेळगावात किर्लोस्कर रोड असंच नाव पडलं.

त्याच सुमाराला जगात सायकलीच्या बाबतीत काय काय चाललं होतं, हेही बघण्यासारखं आहे. आधीच्या सायकलींचं पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच असायचं, पडलं की कपाळमोक्ष. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल आणली. आज आपण वापरतो तिची ती आजीच म्हणा ना. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या लेकाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून हवेची धाव तयार केली. बापाच्या मायेतून निघालेली ती वस्तू जगभर गेली. हवेच्या धावेमुळे सायकल हलकी झाली आणि बायकांच्याही आवाक्यात आली.

अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड नावाच्या समाजसेविका होत्या. दारूबंदीच्या चळवळीत त्यांचं मोठं नाव होतं. त्या वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. रोज थोडा थोडा वेळ देत, धडपडत, सुमारे तीन महिन्यांत. नंतर १८९५ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आता आपलं काय वय आहे शिकायचं, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी या बाईंचं उदाहरण नेहमी देते.

सायकलस्वारांनी एकत्र येऊन संघटनाही केल्या. इंग्लंडात १८७८ मध्ये आणि अमेरिकेत १८८० मध्ये. मोटारगाड्या यायच्या आधी चांगल्या रस्त्यांची मागणी अमेरिकेत कुणी लावून धरली असेल, तर ती या सायकलवाल्यांनी. आज डांबरी रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाडीवाल्यांना हे सांगितलं तर खोटं वाटेल!

पुन्हा लक्ष्मणरावांकडे येऊ. इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा बढतीचा हक्क डावलून ती जागा अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. त्यांनी रडत बसण्यापेक्षा १८९७ च्या सुमारास नोकरीच सोडली आणि बेळगावला येऊन पूर्णवेळ धंद्यात पडले. सायकलीबरोबर पवनचक्क्या विकायला घेतल्या. मग मनात आलं, की दुसऱ्याचा माल किती दिवस विकायचा? आपल्या शेतकऱ्याला लागणारी वस्तू आपणच का करू नये? त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं. आमच्या वऱ्हाडात कुटार करताना ज्या बायकांचे हात भरून येतात, त्यांना त्या यंत्राचं मोल वेगळं सांगायला नको.

त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. तो घ्यायला मात्र कुणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षं लागली. विचार करा, दोन वर्षं तयार माल दारात पडून आहे आणि घर चालवायचं आहे! सायकल श्रीमंतांना हवीहवीशी होती. नांगर गरिबाच्या उपयोगाचा होता, पण त्याला त्याची भीती वाटत होती. लक्ष्मणरावांनी त्या लोकांना अडाणी ठरवून नाद सोडला नाही. सायकल शिकवताना जो धीर धरला, तोच इथेही धरला.

धंदा कुठे जम धरतोय तोवर बेळगाव नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी त्यांची जागा हवी झाली. कारखाना हलवणं भाग पडलं. या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. त्यांनी कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. माळ कसला, नुसतं निवडुंग, साप आणि विंचू. थोरला मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचाही झालेला नव्हता. अशा जागी बायकामाणसांनी संसार मांडले. चरित्रांमध्ये पुरुषांच्या जिद्दीबद्दल भरभरून असतं. मला मात्र वाचताना सारखं वाटत होतं, की त्या माळावर पहिली चूल पेटवणाऱ्या राधाबाई आणि त्यांच्यासारख्या इतर जणींना काय वाटलं असेल? पाणी कुठून आणलं असेल? रात्री लेकरांना जवळ घेऊन झोपताना विंचवाची भीती वाटली नसेल?

या वाडीत लक्ष्मणरावांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. अस्पृश्यता मानायची नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदारीचं काम दिलं. ज्यांच्यावर गावाने विश्वास टाकला नाही, त्यांच्याच हाती वाडीची राखण! काम दिलं, विश्वास दिला की माणूस बदलतो, हे त्यांनी करून दाखवलं.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याच वाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. ते काढलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी. आधी १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं होतं. मराठी बाईचं शिक्षण, तिचं लग्न, तिचा हक्क यांवर ‘स्त्री’मध्ये मोकळेपणी लिहिलं गेलं. ज्या घराने लोकांना स्वतःचा तोल सांभाळायला शिकवून धंद्याला सुरुवात केली, त्याच घरातून बायकांना विचार करायला लावणारं मासिक यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. तोवर किर्लोस्कर म्हणजे पंप, इंजिन आणि मोठमोठे कारखाने झाले होते. सायकलीचं दुकान मात्र लोक विसरत चालले होते.

मला तेच दुकान आठवावंसं वाटतं, त्याचं कारण सांगते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण सायकल हातात आली म्हणजे मुलगी शाळेत पोचली, असं होत नाही ना! कुणाला चालवताच येत नसते. कुणाची ओढणी चेनमध्ये अडकते आणि त्या भीतीने ती पुन्हा सायकलीला हात लावत नाही. कुणाची ट्यूब फाटते. ती बदलायला पैसे मागायची सोय नसते, म्हणून सायकल गोठ्यात उभी राहते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. घरातला भाऊ किंवा बाप सायकल नेतो, असंही होतं. मग हळूहळू मुलगी घरीच थांबते. धुणं-भांडी, सोयाबीनची सोंगणी, धाकट्या भावंडांना सांभाळणं यातच तिचं वर्ष जातं. पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. दहा रुपयांच्या पंक्चरवरून सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन थांबते, बघा!

म्हणून रामूअण्णांनी पंधरा रुपयांत केलं ते काम आम्ही फुकट करतो. आधी सीट खाली करायची, पायडल न मारता दोन्ही पाय जमिनीला टेकवत पुढे सरकायचं. तोल आला की मग पायडल. पूर्वी मोठ्या सायकलीवर पोरं कैची मारून शिकायची, त्यात गुडघे फुटायचे. आता त्याची गरज नाही. प्रत्येक मुलीने स्वतः चेन बसवायला आणि पंक्चर ओळखायला शिकायचं, हा आमचा नियम. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवली आणि बुडबुडा दिसला की पोरींचे चेहरे बघण्यासारखे होतात. शाळेला एकटीने जायचं नाही, तीन-चार जणींनी मिळून जायचं. ओढणी कमरेला बांधायची.

रस्त्याचं काम मात्र आमच्या हातात नाही. डांबराची कडा तुटलेली, साइडपट्टी खचलेली, तिथे गिट्टी पसरलेली. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला की मुलीने उतरायचं कुठे? एकदा एक पोर अशीच पडली, हाताला टाके पडले. त्यानंतर आम्ही संबंधित खात्याकडे अर्ज दिला. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरा दिला. प्रत्येक अर्जाची पोच घेऊन फाईलला लावतो. बायकांच्या सायकल मंडळाचं काय एवढं मनावर घ्यायचं, असं काहींना वाटतं. वाटू दे. नांगर खपायला दोन वर्षं लागली होती, साइडपट्टीलाही लागतील.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात, तुमच्याही गल्लीत एखादी सायकल धूळ खात उभी असेल. ती कुणाची आहे, ती का थांबली आहे, एवढी चौकशी करा. हवा कमी असेल तर भरून द्या. मुलीला चालवता येत नसेल तर मागचं कॅरिअर धरून चार दिवस तिच्यामागे पळा. तुम्हाला स्वतःला येत नसेल, तर तिच्याबरोबर तुम्हीही शिका. साडी आवरती घ्या आणि बसा. पडण्याची लाज वाटत असेल, तर पहाटे लवकर मैदानावर या. आमच्याकडे तशा येणाऱ्या दोघी-तिघी आहेत, आणि त्यातली एक नातवंडं असलेली आहे!