राजवाडे, महिकावतीची बखर आणि प्रकाशनाची नीती

पालघर तालुक्यातील केळवे-माहीम हे समुद्रकाठचे गाव. त्याच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर तारापूर आणि चिंचणी ही जुनी बंदरे, आणि त्यांच्या पूर्वेस, आत रेल्वेमार्गावर बोईसर. अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत यांमुळे या टापूचे नाव गेल्या पाऊणशे वर्षांत देशभर झाले. परंतु मराठीच्या अभ्यासकाला हा टापू ठाऊक असतो तो निराळ्या कारणाने. माहीम हीच जुनी महिकावती, आणि या महिकावतीच्या नावाची बखर इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. राजवाड्यांच्या हयातीतील हे जवळजवळ अखेरचे मोठे संपादन होय. संशोधकाने आपल्याजवळचा पुरावा वाचकांपुढे कसा ठेवावा, याविषयी त्यांनी आयुष्यभर जे शिकविले आणि जे स्वतःच पुष्कळदा मोडले, ते दोन्ही या एका ग्रंथात शेजारीशेजारी पाहावयास मिळते.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडील लवकर वारले. पुण्यात शिक्षण झाले आणि डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही; घर, नोकरी, मिळकत यांपैकी कशातही ते पुढे रमले नाहीत. १८९४-९५ च्या सुमारास त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. पाश्चात्त्य भाषांतील मोलाचे ग्रंथ मराठीत आणावेत, हा त्यामागील हेतू होता आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. ते मासिक फार काळ चालले नाही. तथापि नियतकालिक चालविणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना वयाच्या तिशीतच आला होता, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याचा विचार करताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

जुने कागद छापण्याची प्रथा राजवाड्यांनी सुरू केली असे नाही. का. ना. साने, ज. बा. मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने दहाएक वर्षे बखरी, पत्रे व काव्ये प्रसिद्ध केली होती. राजवाड्यांनी भर दिला तो बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक प्रमाण मानण्यावर. घडलेल्या गोष्टीनंतर पुष्कळ वर्षांनी आठवणींवरून लिहिलेली बखर एकीकडे, आणि त्या दिवशी त्या माणसाने लिहिलेले पत्र दुसरीकडे. दोहोंत विरोध आला तर पत्राची साक्ष मोठी. वाई येथे हाती आलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये सिद्ध झाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या घडामोडींची पत्रे होती. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले.

या खंडांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. पत्रांना क्रमांक आहेत. मिती, शक आणि सन यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे. मूळ लेखनातील शब्दरूपे आधुनिक वळणावर आणून गुळगुळीत केलेली नाहीत. प्रस्तावना आणि साधने यांची सरमिसळ नाही. संपादकाचे म्हणणे प्रस्तावनेत येते, कागद स्वतःचे म्हणणे स्वतः सांगतो. ज्याला संपादकाचे मत पटत नाही त्याच्या हाती ते खोडून काढण्याचे साधन संपादकानेच दिलेले असते. आज संशोधनपत्रिकांच्या आचारसंहितेत मूळ सामग्री परीक्षणासाठी खुली असावी, असा दंडक आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली केली, तिचा हेतूही याहून फार वेगळा नाही. राजवाड्यांनी असली संहिता लिहून ठेवली नव्हती. त्यांच्या खंडांच्या रचनेतच ती होती.

त्यासाठी त्यांनी सोसलेले कष्ट सर्वश्रुत आहेत. गावोगाव पायपीट करणे, वाड्यांच्या माळ्यांवरची व कोनाड्यांतली दप्तरे उघडणे, मालकांची मनधरणी करणे आणि वाळवीच्या तोंडातून कागद काढणे, असा हा क्रम अखंड चालला होता. सरकारी आश्रय त्यांनी घेतला नाही. (या साधेपणाच्या आख्यायिका इतक्या झाल्या आहेत की, त्यांच्या आड संपादक राजवाडे काहीसे झाकले गेले आहेत.)

व्यक्तीच्या कष्टांवर उभे असलेले हे काम संस्थेच्या हाती जावे, या हेतूने ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभेत निबंध वाचावा, जाणकारांनी त्यावर शंका घ्याव्यात आणि नंतर तो मंडळाच्या इतिवृत्तांतून वा संमेलनवृत्तांतून छापावा, हा परिपाठ मराठीत रुजविण्याचे श्रेय मंडळाकडे जाते. परंतु सभेतील चर्चा ही परीक्षणाची हमी नव्हे, हे मंडळाच्याच अनुभवातून लवकर स्पष्ट झाले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीच्या इतिहासाविषयी राजवाड्यांनी लिहिलेला एक लेख मंडळाच्या प्रकाशनात आला. त्यातील विधाने त्या ज्ञातीचा अधिक्षेप करणारी होती. केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्याला जळजळीत उत्तर दिले. या उत्तराचा रोख केवळ राजवाड्यांवर नव्हता. मंडळालाच दिलेली ही उलट सलामी असल्याचे त्या पुस्तकाच्या नावातच नोंदलेले आहे. लेखकाचे मत लेखकाचे, असे म्हणून छापणाऱ्या संस्थेला हात झटकता येतात काय, हा प्रश्न मराठी संशोधनविश्वात इतक्या उघडपणे आणि इतक्या प्रखर भाषेत यापूर्वी क्वचितच विचारला गेला असेल. ठाकरे यांच्या भाषेचा तिखटपणा पुष्कळांना रुचला नाही. त्यांनी उपस्थित केलेला मुद्दा मात्र रास्त होता, असेच म्हणावे लागते. ज्या राजवाड्यांनी पुराव्यावाचून बोलू नये असा धडा दिला, त्यांचाच पूर्वग्रह मंडळाच्या प्रतिष्ठेचे छत्र घेऊन छापला गेला होता.

ज्ञानेश्वरीचे प्रकरण याहून नाजूक आहे. बीड येथील पाटांगणातून मिळालेल्या पोथीच्या आधारे राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. ही पोथी एकनाथांनी केलेल्या शुद्धीपूर्वीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि तिच्याच आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण रचले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासाला या दोन पुस्तकांनी दिलेली चालना मोठी आहे. परंतु ती मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांना तपासता आली नाही. तिच्या प्राचीनतेविषयी शंका घेतल्या गेल्या, तिचे काय झाले याच्या कहाण्या पसरल्या आणि तिच्या लेखनकाळाचा वाद तिच्यावाचूनच लढला गेला. पोथी खरी होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण आहे. राजवाड्यांवर पूर्ण विश्वास ठेवणाऱ्यालाही विश्वासच ठेवावा लागतो, पडताळा घेता येत नाही. साधनांच्या खंडांत त्यांनी वाचकाला दिलेला अधिकार येथे त्याच्याकडे उरला नाही.

मंडळाशीही त्यांचे फार काळ पटले नाही. मतभेद झाले, ते दूर झाले आणि अखेरच्या वर्षांत त्यांचा मुक्काम मुख्यतः धुळ्यास राहिला. याच काळात दोन संपादने बाहेर पडली. १९२२ मध्ये जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ आणि १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’. दोन्ही ग्रंथांत प्रस्तावना इतक्या विस्तृत आहेत की, त्यांना स्वतंत्र प्रबंधच म्हणता येईल.

बखरीच्या बाबतीत राजवाड्यांना स्वतःचाच जुना सिद्धान्त अडचणीचा होता. बखरीवर विसंबू नये, असे सांगणाऱ्या संशोधकाने बखरच हाती घेतली होती. त्यांनी केले ते असे. हा ग्रंथ एकसंध नाही, त्याची सहा प्रकरणे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी रचली गेली, हे त्यांनी अंतर्गत पुराव्यावरून दाखविले. केशवाचार्याने रचलेला भाग शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ चा ठरविला. इतर भाग नंतरच्या काळात गेले. मालाडच्या नायकोरावास देवीने स्वप्नात महाराष्ट्रधर्म सांगण्याची आज्ञा केल्याचा भाग याच बखरीत आहे, आणि महाराष्ट्रधर्म या शब्दाच्या इतिहासात त्यामुळे तिला कायमचे स्थान मिळाले.

ही बखर सांगते ती उत्तर कोकणाच्या वसाहतीची कथा. प्रतापबिंब दमणच्या बाजूने तारापूरच्या वाटेने महिकावतीस येतो, तेथे राजधानी करतो, त्याच्याबरोबर कुळे येतात, आणि सत्ता पुढे साष्टी व मुंबईकडे सरकते. या कथेचा काळ राजवाड्यांनी शके १०६०, म्हणजे इसवी सन ११३८ असा धरला. बिंबाच्या आख्यायिकेची दुसरी परंपरा त्याला देवगिरीच्या यादवांशी जोडून तेराव्या शतकाच्या अखेरीस आणते. जेर्सन द कुन्हा यांनी मुंबईच्या उगमावरील आपल्या १९०० मधील ग्रंथात बिंबाख्यानाचा उपयोग केला होता. या किनाऱ्यावरील अनेक ज्ञाती आपले मूळ या बखरीतून शोधतात. त्यामुळे तिच्या संपादकावर येणारी जबाबदारी एखाद्या दुर्लक्षित हस्तलिखिताच्या संपादकापेक्षा जास्त होती. येथील एका शब्दाच्या वाचनाने एखाद्या कुळाचा मान वाढतो वा घटतो.

प्रस्तावनेत राजवाडे या मर्यादा ओळखतातही आणि ओलांडतातही. राजे बदलत असताना गावकरी त्यांच्याविषयी उदासीन कसा राहिला, याचे त्यांनी केलेले विवेचन आजही वाचनीय आहे. परंतु उत्तर कोकणातील जमातींच्या नावांच्या व्युत्पत्ती लावून त्यांचे प्राचीन मूळ ठरविण्याचा त्यांचा सोस पुराव्याच्या पलीकडे जातो. ध्वनिसादृश्य सापडले की त्यांची लेखणी थांबत नाही. साधनांच्या पहिल्या खंडाचा संपादक हा दुसऱ्याच्या लेखात सहन करणार नाही, अशी विधाने तो येथे स्वतः करतो.

असे असूनही ग्रंथ तरला, कारण संहिता आणि प्रस्तावना यांच्यामधील रेषा राजवाड्यांनी येथेही मोडली नाही. बखरीचा पाठ आपल्या अनुमानास जुळावा म्हणून त्यांनी तिची प्रकरणे फिरविली नाहीत. कालक्रम बिघडलेला आहे हे प्रस्तावनेत सांगितले आणि पाठ आहे तसा ठेवला. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत वाचकाला जे मिळाले नाही, ते निदान या मर्यादेपर्यंत महिकावतीच्या वाचकाला मिळाले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास राजवाड्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाची व कार्याची जोपासना करण्यासाठी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्याचे ‘संशोधक’ हे नियतकालिक निघाले. त्यानंतर तीसेक वर्षांनी तारापूरच्या शेजारी चिंचणी येथे ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात वाचनासह प्रसिद्ध केले. त्यांतील एक शके ८४८ चा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळचा असून संयान, म्हणजे संजाण येथे मधुमती नावाचा ताजिक अधिकारी कारभार पाहत होता, असे त्यात दिसते. अकराव्या शतकातील पट शिलाहारांच्या सामंतांचे आहेत. उत्तर कोकणाच्या या पट्टीचे प्रतापबिंबापूर्वीचे चित्र राजवाड्यांना ठाऊक असलेल्या चित्राहून कितीतरी गुंतागुंतीचे होते, हे त्यावरून उघड झाले. त्यांच्या प्रस्तावनेतील वसाहतविषयक विधाने आता ताम्रपटांशी ताडून पाहावी लागतात, आणि हे करणारा अभ्यासक एका हाताशी सरकार यांचे वाचन व दुसऱ्या हाताशी १९२४ मधील तोच छापील पाठ घेऊन बसतो.