नाथमाधव : वाचकप्रिय कादंबरीकार

द्वारकानाथ माधव पितळे हे नाव फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ‘नाथमाधव’ म्हटले, की जुन्या वाचकाला ‘वीरधवल’ आठवते. त्यांचा जन्म १८८२ मध्ये मुंबईत झाला. शिक्षण बेताचेच, पुढे कुलाब्यास तोफांच्या कारखान्यात नोकरी. १९०५ मध्ये सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. अंथरुणास खिळलेल्या या तरुणाने वाचनात मन रमविले आणि १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

‘वीरधवल’वर रेनॉल्ड्सची छाया स्पष्ट आहे. योगायोगांची रेलचेल, सर्वगुणसंपन्न नायक, पराकोटीचे दुष्ट खलपुरुष हे दोष टीकाकारांनी दाखविले, ते नाकारता येत नाहीत. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासूनच्या शिवकालीन मालिकेतही हरिभाऊ आपट्यांची इतिहासदृष्टी नाही, तेथे रहस्यच वरचढ ठरते. परंतु पुढे काय झाले, ही उत्कंठा शेकडो पाने टिकविणे हे सामान्य सामर्थ्य नव्हे. हरिभाऊंचा गंभीर ग्रंथ हाती धरण्यापूर्वी कित्येकांना वाचनाची गोडी लागली ती नाथमाधवांमुळेच. वाचनालयाने तरी हे ऋण विसरू नये!

त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांची मात्र उपेक्षाच झाली. तीन भागांच्या ‘डॉक्टर’मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. बोधाचा सूर तेथे चढतो हे खरे. तथापि अद्भुतात रमणाऱ्या आपल्या वाचकवर्गापुढे हा विषय मांडण्यास धैर्य लागते. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या.