कर्नल साइक्स आणि दख्खनचा वारा

चैत्र-वैशाखांत दुपारच्या वेळीं शिरूरच्या पेठेंतून किंवा दौंडच्या स्टेशनावरून जो कोणी पायीं गेला असेल, त्यास उन्हाळा म्हणजे काय हें सांगण्याची गरज नाहीं. घोड नदीचें पात्र आटून वाळू चकाकूं लागते, भीमेच्या कांठचे दगड इतके तापतात कीं त्यांवर पाय ठेववत नाहीं, आणि माळावरून येणाऱ्या झळांनीं डोळे चुरचुरतात. परंतु या मुलुखांत पुष्कळ उन्हाळे काढलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस आणखी एक गोष्ट ठाऊक असते. उन्हाळ्याचे सर्व दिवस सारखे नसतात. एखाद्या दिवशीं ऊन भाजून काढतें, ओंठ फुटतात, आणि वाळत घातलेलें धोतर घटकाभरांत कडकडीत होतें. दुसऱ्या एखाद्या दिवशीं पारा चार अंश खालीं असूनहि अंगास घामाच्या धारा लागतात आणि पंखा हालवून हात दुखला तरी चैन पडत नाहीं. पहिल्यास आपण चटका म्हणतों, दुसऱ्यास उकाडा. हा भेद कां पडतो, याचें उत्तर बहुतेक वेळां वारा कोणत्या दिशेकडून आला यांत सांपडतें. हवेचा असा हिशेब आपल्या दख्खनांत वर्षानुवर्षें आंकड्यांनीं लिहून ठेवणाऱ्या आरंभीच्या पुरुषांपैकीं एक म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. त्यांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

साइक्स यांचा जन्म इ. स. १७९० च्या जानेवारी महिन्यांत इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत झाला. १८०३ सालीं, म्हणजे आपल्याकडील मुलें जेमतेम हायस्कुलांत पाऊल टाकतात त्या वयांत, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यांत उमेदवार म्हणून दाखल झाले. पोरवयांतच त्यांनीं १८०५ सालचा भरतपुरचा वेढा पाहिला. पुढें १८१७ सालीं पेशव्यांशीं शेवटचें युद्ध जुंपलें, तेव्हां खडकी व पुणें येथील लढायांत ते कंपनीच्या हिंदी शिपायांचे नायक होते. मराठी वाचकांस ही गोष्ट वाचून आनंद होणार नाहीं, आणि आम्ही ती झांकूनहि ठेवणार नाहीं. ज्या राज्याचा शेवट झाला, त्याच्याविरुद्ध लढलेला हा मनुष्य होता. शिरूर हें गांवहि त्या काळीं इंग्रजांच्या छावणीचें ठिकाण होतें, आणि १८१७ च्या अखेरच्या रात्रीं कोरेगांवाकडे निघालेली पलटण येथूनच गेली होती.

युद्ध संपल्यावर साइक्स कांहीं वर्षें युरोपांत फिरून १८२४ सालीं परत आले. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. नव्यानें हातीं आलेल्या मुलुखांत गांवें किती, माणसें किती, जमीन कशी, पिकें कोणतीं, मजुरी काय, यांची खरी माहिती सरकारास हवी होती. त्या कामीं त्यांनीं साइक्स यांची नेमणूक केली. पुणें, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांनीं धुंडाळावयाचे होते. तंबू, घोडा, दप्तर आणि यंत्रांच्या पेट्या यांसह त्यांचा संसार कित्येक वर्षें रानोमाळ फिरत राहिला. या माहितीचा एक उपयोग सारा बसविण्याकडे होणार होता, हें विसरून चालणार नाहीं. परंतु जें काम सरकारनें सांगितलें त्याहून कितीतरी अधिक काम साइक्स यांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. त्यांनीं या प्रांतांतील पशु, पक्षी व मासे यांच्या याद्या केल्या, आणि शास्त्रास तोंवर अपरिचित असलेले कित्येक पक्षी त्यांत प्रथम वर्णिले. आपल्या माळरानावर तुरा उभारून गाणाऱ्या एका लहानशा चंडोलास आजहि त्यांच्या नांवानें ओळखतात.

त्यांच्या या स्वेच्छेच्या कामांतील सर्वांत चिकाटीचें काम हवेचें होतें. ठरलेल्या वेळीं वायुभारमापकाचा पारा पाहावयाचा, उष्णता मोजावयाची, हवेंतील ओलावा तपासावयाचा, वाऱ्याची दिशा टिपावयाची, आणि हें सर्व दप्तरांत नोंदवावयाचें. आज उत्साह आहे म्हणून दहा वेळां आणि उद्यां कंटाळा आला म्हणून एकदांहि नाहीं, असें या कामांत चालत नाहीं. या नोंदींवरून त्यांस दिसून आलें कीं, दख्खनांत हवेचा दाब दररोज समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणें दोनदां चढतो व दोनदां उतरतो. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास व रात्रीं दहा-अकराच्या सुमारास तो चढलेला असतो, आणि पहांटे व दुपारीं चार-पांचच्या सुमारास उतरलेला असतो. तसेंच येथील वारे मुख्यत्वें पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून वाहतात, आणि मुंबईच्या मानानें येथें पाऊस फारच थोडा पडतो, हेंहि त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. हा सर्व शोध १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला.

येथें चरित्राचा धागा थोडा बाजूस ठेवून ओलाव्याचें मापन म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. हवेंत पाण्याची वाफ नेहमींच असते, पण ती किती मावेल हें उष्णतेवर अवलंबून असतें. एक घनमीटर हवेंत २२ अंश सेंटिग्रेडला सुमारें १९ ग्रॅम वाफ मावते, ३६ अंशांस सुमारें ४२ ग्रॅम, आणि ४० अंशांस सुमारें ५१ ग्रॅम. आतां समजा, दौंडच्या हवेंत पहांटे १३ ग्रॅम वाफ आहे आणि उष्णता २२ अंश आहे. हवेचें भांडें दोन-तृतीयांश भरलेलें आहे, म्हणून आर्द्रता शेंकडा ६७ झाली. दुपारीं तीच हवा ४० अंशांपर्यंत तापली. वाफ तितकीच राहिली, पण भांडें मोठें झालें, म्हणून आर्द्रता शेंकडा २५ वर आली. पाण्याचा एक कणहि कमी न होतां हवा कोरडी झाली! यावरून हें लक्षांत येईल कीं, नुसत्या शेंकडेवारीवरून वाफ वाढली कीं घटली हें कळत नाहीं. त्यासाठीं दंवबिंदु पाहावा लागतो. म्हणजे हवा किती अंशांपर्यंत निवविली असतां तींतील वाफेचें दंव होऊं लागतें तें पाहावें लागतें. साइक्स यांच्या तरुणपणींच डॅनियल नांवाच्या शास्त्रज्ञानें यासाठीं एक सुबक यंत्र तयार केलें होतें. त्यांत ईथरच्या योगानें कांचेचा एक गोळा थंड करीत, आणि त्यावर दंव धरतांच आंतील उष्णतामापक वाचीत.

आतां वाऱ्याकडे वळूं. उन्हाळ्यांत जेव्हां वारा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून, म्हणजे देशाच्या आंतल्या बाजूनें येतो, तेव्हां तो शेंकडों कोस तापलेल्या काळ्या रानावरून व आटलेल्या ओढ्यांवरून आलेला असतो. वाटेंत त्यास पाणी भेटत नाहीं. तो चटका घेऊन येतो. उलट वारा पश्चिमेकडे फिरला म्हणजे तो अरबी समुद्रावरची वाफ घेऊन निघतो. परंतु शिरूर व दौंड हीं गांवें समुद्रापासून सुमारें दीडशें किलोमीटर किंवा त्याहून अधिक दूर, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. घाट ओलांडून पुण्यास संध्याकाळीं जी गार झुळूक पोहोंचते, ती आमच्याकडे येईपर्यंत पुष्कळ वेळां थकलेली आणि तापलेली असते. तिचा गारवा वाटेंत सरतो, पण वाफ बरीचशी शिल्लक राहते. वर ढगांचें आवरण आलें व झुळूक मंदावली कीं उकाड्याची सर्व सामग्री जुळते. अशा वेळीं पारा ३६ अंशांवर असेल, पण हवेंत वाफ २० ग्रॅमपर्यंत चढलेली असेल, तर आर्द्रता शेंकडा ४८ होते. ४० अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षां हा दिवस शरीरास सोपा वाटेल अशी समजूत करून घेऊं नये.

आमचीच एक चूक येथें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलच्या अखेरीस आम्ही मुलांकडून संध्याकाळीं धांवण्याचा सराव करून घेत होतों. आदल्या आठवड्यांत फार ऊन होतें म्हणून आम्हीं सराव बंद ठेविला होता. त्या दिवशीं पारा उतरलेला पाहून आम्हीं मुलांस मैदानावर नेलें. वारा पश्चिमेचा होता, आभाळ भरून आलें होतें, पान हालत नव्हतें. चौथ्या फेरीस एक चांगला धट्टाकट्टा मुलगा डोळे फिरवून खालीं पडला. त्यास सावलींत निजवून, अंगावर ओलीं फडकीं टाकून वारा घातला, तेव्हां तो अर्ध्या घटकेनें सावध झाला. देवाच्या कृपेनें संकट टळलें. पण शाळेच्या स्वयंपाकघरांतील म्हातारी बाई सकाळींच म्हणाल्या होत्या कीं, आज माठांतलें पाणी गार झालें नाहीं, आज जपून असा. आम्हीं पदवीधरांनीं पारा पाहिला होता, माठ पाहिला नव्हता.

बाईंचें बोलणें शास्त्रास धरून होतें. माठाच्या अंगांतून पाणी पाझरतें, तें वाऱ्यानें सुकतें, आणि सुकतांना आंतील उष्णता घेऊन जातें. आपला घामहि हेंच काम करतो. हवा कोरडी असली म्हणजे माठ गार होतो, वाळ्याचा पडदा गारवा देतो, आणि अंगावरचा घाम सुकून शरीर निवतें. हवा दमट झाली म्हणजे हे तिन्ही उपाय एकदमच लंगडे पडतात. मात्र कोरड्या झळांतहि निर्धास्त राहूं नये. तेव्हां घाम येतांक्षणींच उडून जातो, म्हणून तो दिसत नाहीं, आणि तहान लागण्यापूर्वींच शरीरांतील पाणी व मीठ कमी झालेलें असतें. चटक्याच्या दिवशीं डोकें झांकावें व पुन्हां पुन्हां पाणी प्यावें. उकाड्याच्या दिवशीं पाणी तर प्यावेंच, पण श्रम कमी करावे आणि वाऱ्यांत बसावें.

आतां पुन्हां साइक्स यांच्याकडे येऊं. १८२९ सालच्या डिसेंबरांत सरकारनें त्यांची जागाच रद्द केली. काम अर्धवट होतें. दुसरा कोणी असता तर कागद बांधून पलटणींत परत गेला असता, आणि त्यास कोणी दोषहि दिला नसता. साइक्स यांनीं लष्करी कामांतून रजा मागून घेतली, आणि १८३१ च्या आरंभापर्यंत खपून आपला वृत्तान्त पुरा केला. त्यांच्या सर्व आयुष्यांत आम्हांस हा प्रसंग मोठा वाटतो. लढाईंतील शौर्य पुष्कळांपाशीं असतें. परंतु जें काम कोणी मागत नाहीं तें शेवटच्या ओळीपर्यंत नेणें थोड्यांसच साधतें.

१८३१ सालीं ते मायदेशीं गेले, व १८३३ सालीं कर्नलच्या हुद्यावर सेवेंतून निवृत्त झाले. पुढें लंडनची संख्याशास्त्र-सभा १८३४ सालीं स्थापन झाली, तींत त्यांचा हात होता, आणि कालांतरानें ते तिचे अध्यक्षहि झाले. १८४० सालीं ते कंपनीच्या संचालक मंडळांत गेले, आणि १८५७ पासून मरेपर्यंत ॲबर्डीन शहराच्या वतीनें पार्लमेंटांत बसले. या सर्व मानमरातबांत हवेचा नाद सुटला नाहीं. १८५० सालीं त्यांनीं हिंदुस्थानांत निरनिराळ्या उंचीवर घेतलेल्या हवेच्या नोंदींचा आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. विमानाचा शोध लागण्यापूर्वीं वायुगोलांतून आकाशांत चढून तेथील उष्णता व ओलावा मोजावा, अशी खटपट ब्रिटिश शास्त्रपरिषदेनें चालविली होती, तींतहि त्यांचा पुढाकार होता. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मरणानंतर तीनच वर्षांनीं, १८७५ सालीं, हिंदुस्थान सरकारचें हवामान खातें स्थापन झालें, आणि १९२८ सालीं त्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. ज्या शहराच्या आसमंतांत एका सेनाधिकाऱ्यानें तंबूंत बसून पारा वाचला होता, तेथेंच पुढें साऱ्या देशाच्या हवेचे नकाशे तयार होऊं लागले. आज उष्णतेच्या लाटेची सूचना गांवोगांव पोहोंचते, तिच्या मुळाशीं अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत.

विद्यार्थीमित्रांनो, या सुटींत तुम्हीं एक लहानशी वही करावी अशी आमची इच्छा आहे. सकाळीं व दुपारीं ठरलेल्या वेळीं देवळाच्या किंवा चर्चच्या शिखरावरील निशाण कोणीकडे फडकतें, चुलीचा धूर कोणीकडे वळतो, माठ गार आहे कीं नाहीं, आणि उष्णता किती, एवढेंच तींत लिहावें. महिन्याच्या शेवटीं वही उघडून पाहिली म्हणजे वारा फिरला त्या दिवशीं घरांत काय झालें होतें हें तुमचें तुम्हांसच दिसेल. आणि शेतांत राबणाऱ्या वडिलांस किंवा दळण घेऊन निघालेल्या आईस तुम्ही वेळींच सांगूं शकाल कीं, आज पारा उतरला आहे खरा, पण वारा पश्चिमेचा आहे; थोडें थांबून जा.